फोटोच्या दिवशी आवरलेली खाडी

उपग्रह कोणत्या दिवशी, किती वाजता डोक्यावरून जाणार, हे मी चांगुणाबाईंना आधीच सांगून ठेवलं. नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या, पण ह्या एका वाक्यामुळे ठाणे जिल्ह्याचं जवळजवळ सगळं पाणी जलपर्णीखाली गेलं. कागदावर.

आधी धंदा काय होता ते सांगतो, कारण आमच्या सोसायटीत अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की मी अंतराळ खात्यात होतो. मी वागळे इस्टेटमध्ये होतो. खाली रबरी वायसरांचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची कंपनी. एका खोलीत मालक सबनीस साहेब आणि दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर. त्या खोलीला एसी होता, साहेबांच्या खोलीला पंखा होता. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. भर मे महिन्यात मी मोज्यांवर, स्वेटर घालून बसायचो आणि संध्याकाळी स्वेटर हातात घेऊन बाहेर पडलो की खालचे वायसरवाले मला विचारायचे, काश्मीर कसं होतं.

गोष्ट नव्वद सालानंतरची, आपला स्वतःचा उपग्रह वर गेला त्याला थोडी वर्षं झालेली. तो दर तीन आठवड्यांनी त्याच जागेवरून, सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा आणि खालची जमीन टिपून न्यायचा. आम्ही पैसे भरले की दक्षिणेतल्या सरकारी केंद्रातून ती टेपवर यायची. टेप लावली की पडद्यावर जिल्हा उमटायचा, ठिपक्याठिपक्यांचा. एक ठिपका म्हणजे एक बऱ्यापैकी इमारत, अंगणासकट. माणूस, गाय, स्कूटर ह्यांतलं काही दिसत नसे. डोंबिवलीच्या एका गृहस्थांना हे मी तीनदा समजावून सांगितलं, तरी चौथ्यांदा ते चोरीला गेलेल्या स्कूटरचा नंबर घेऊन आलेले.

झाडपाला मात्र उपग्रहाला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. हिरवी पानं, माणसाला दिसत नाही असा एक उजेड भरपूर परत फेकतात. तो उजेड पडद्यावर लाल दाखवायची पद्धत होती. म्हणजे जितकं हिरवंगार तितकं लालभडक. ह्या एका गोष्टीपायी आमची गिऱ्हाइकं पहिला अर्धा तास नुसती भांडायची.

आता राहिलं कॉम्प्युटरला शिकवणं. आज त्याला मोठं नाव आहे आणि माझी पुतणी त्याच्यावर मोठा पगार घेते. तेव्हा आम्ही साधं ‘शिकवणं’ म्हणायचो. नकाशा घेऊन बाहेर हिंडायचं, एखादी जागा डोळ्यांनी बघायची, परत येऊन पडद्यावर तीच जागा शोधून कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा, हे भात, ही झाडी, हे पाणी. तो त्या ठिपक्यांचे आकडे पाठ करायचा आणि उरलेल्या लाखो ठिपक्यांत तसलेच शोधून काढायचा. लहान मुलाला कावळा दाखवावा तसं. फरक एवढाच की मुलाला कबूतर दाखवून कावळा म्हटलं तर ते निदान तोंडाकडे बघतं. कॉम्प्युटर बघत नाही. तो कामाला लागतो.

तर, ठाण्यातल्या एका सरकारी कार्यालयातून काम आलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, आणि तिथल्या अभियंत्यांना मी टिपणीस म्हणणार आहे, जे त्यांचं नाव नव्हतं. उल्हास नदीत आणि खाडीत जलपर्णी माजलेली. ही परदेशातून आलेली वनस्पती, जांभळी फुलं, फुगीर देठ, बघायला देखणी. एकदा पाण्यावर पसरली की खाली मासा गुदमरतो आणि वर होडी अडते. टिपणीसांना ती कापून गोळा करणारं एक यंत्र मिळालं होतं. एकच. हंगामभरासाठी. ते कुठे लावायचं ह्यावरून इतक्या गावांचे इतके अर्ज आले होते की त्यांनी हात टेकले आणि ठरवलं, उपग्रह सांगेल तिथे लावू. म्हणजे शिव्या उपग्रहाला.

मी नमुना बघायला शहाडपासून नदीच्या कडेकडेने निघालो आणि कल्याणच्या खाली, खाडीकाठच्या एका कोळ्यांच्या गावात पोचलो. तिथली जलपर्णी म्हणजे नमुनाच होता. बंदरापासून पार मध्यापर्यंत हिरवी सतरंजी, आणि तिच्यामागे, काठाला, रुतलेली एक होडी. होडी चांगुणाबाईंची. नवरा वारलेला, मुलगा हरेश चोविशीचा. होडी महिनाभर हलली नव्हती म्हणून हरेशने मानपाड्याच्या एका कारखान्यात चिकटायचं ठरवलं होतं, आणि वसईकडचं एक गिऱ्हाईक होडी बघूनही गेलेलं. चांगुणाबाईंनी दोघांना थोपवून धरलं होतं. सरकारचं यंत्र येतंय, ते येईपर्यंत होरीला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलेलं. होडीला त्या होरी म्हणत, आणि मला पहिल्या मिनिटापासून अरे-तुरे करत. त्या बोलीत ते अपमानाचं नसतं. मला कळायला दोन दिवस लागले.

तिथे मला एक व्यवस्था कळली, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. समोरच्या काठावर दुसरं गाव. दोन्ही गावं एकमेकांना ‘पलीकडचे’ म्हणत. भरतीच्या वेळी ह्या गावचे लोक बांबूंनी जलपर्णी ढकलून पलीकडच्यांच्या काठाला लावून येत. पुढच्या भरतीला पलीकडचे तीच जलपर्णी इकडे लावून जात. तीच ती जलपर्णी. वर्षानुवर्षं. सध्या पाळी ह्या काठाची होती आणि ती जरा लांबली होती, कारण पलीकडच्या गावात बाळाराम नावाचा तगडा पुढारी निपजला होता.

हे सगळं ऐकूनसुद्धा, जी वस्तू रोज जागा बदलते तिची जागा मी नकाशावर टाचणी टोचून पक्की केली. मग चांगुणाबाईंनी विचारलं, फोटू कवा काढणार. कोणी कामाबद्दल इतक्या आस्थेने विचारत नसे, म्हणून मी खूश होऊन वार, तारीख, वेळ, सगळं सांगितलं. वर त्यांच्या अंगणात चहा प्यायलो.

टेप आली. मी टाचणीची जागा पडद्यावर काढली. तिथे लालभडक दिसायला हवं होतं. दिसत होतं काळपट निळं. मला शंका आली नाही असं नाही. आली. पण ती जागा मी स्वतः बघितली होती, आणि उपग्रहापेक्षा माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास जास्त. जलपर्णी भिजली असेल असं म्हणून मी कॉम्प्युटरला सांगितलं, ही जलपर्णी. समोरच्या काठाला मात्र एक मोठा लाल पट्टा दिसत होता. तिथे उभं पीक असणार, असं ठरवून मी कॉम्प्युटरला सांगितलं, ही शेती. आणि ‘पाणी’ शिकवताना शंकेला जागा नको म्हणून थेट धरणाचं निळंशार पाणी दाखवलं. झालं. कॉम्प्युटरने पाठ केलं, आमच्याकडची गढूळ, मातकट खाडी म्हणजे जलपर्णी, आणि तो जेवणाच्या सुट्टीत कामाला लागला.

मी डबा धुऊन आलो तर नकाशात जलपर्णीला दिलेल्या हिरव्या रंगाने जिल्हा भरला होता. खाडी भरली होती, नदी भरली होती, ठाण्यातले तलाव भरले होते, मिठागरं भरली होती. एवढंच नाही, डांबरी रस्ते आणि काळवंडलेली छपरं ह्यांचे आकडेही गढूळ पाण्याच्या जवळपास जात असल्यामुळे वागळे इस्टेटच्या निम्म्या कारखान्यांवर जलपर्णी चढली होती. त्यात आमचंही छप्पर होतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं, हे मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

सबनीस साहेब मात्र आनंदले. संकट जितकं मोठं तितकं पुढचं काम मोठं, असा त्यांचा हिशेब. छपरांवरचा भाग कात्रीने कापून नकाशा ‘फक्त जलाशयांपुरता’ करावा, असं त्यांनी सुचवलं. रंगीत छपाई आम्हाला परवडत नसे, म्हणून खोलीत अंधार करून, पडद्यासमोर कॅमेरा लावून त्याचेच फोटो काढत असू. ते चिकटवून केलेला नकाशा घेऊन आम्ही टिपणीसांकडे गेलो. कात्री चालवायचं राहून गेलं होतं.

टिपणीस भला माणूस. त्यांनी बराच वेळ नकाशा बघितला, मग खिडकीपाशी गेले, खालच्या तलावाकडे बघितलं, परत नकाशा बघितला. तलाव आरशासारखा होता. नकाशावर तो काठोकाठ हिरवा होता. मग त्यांनी त्यांच्या कार्यालयाच्या गच्चीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं की इथली जलपर्णी कोणाच्या खात्यात येते. मी म्हणालो की दर शंभर ठिपक्यांत काही ठिपके चुकतातच, जगभर चुकतात. त्यावर त्यांनी पलीकडच्या काठाला, खाडीच्या पाण्यातच ‘शेती’ लिहिलेला पट्टा दाखवला आणि विचारलं, खाडीत कोण नांगरतं. सबनीस साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नांगरत होतो.

तरी सरकारी गाडा सुरू झाला की थांबत नाही. यंत्राचा ट्रक ठरलेला होता, नकाशावर सर्वांत हिरवा तलाव खिडकीखालीच होता. यंत्र तिथे उतरलं. पुढे कितीतरी दिवस ते स्वच्छ पाण्यात दात फिरवत गोल गोल हिंडत होतं आणि संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी लेकरांना दाखवायला आणत होती. टिपणीसांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, थंडीत उपग्रह परत जाईल तेव्हाचा धड नकाशा आणा, जिथे आहे तिथे दाखवणारा. यंत्र तिकडे हलवतो. तेवढंच माझ्या हातात आहे.

मी खाडीवर धावलो. बंदर परत हिरवं, होडी तशीच रुतलेली. चांगुणाबाई हसत पुढे आल्या. फोटू कसा आला, त्यांनी विचारलं. आणि मग मला सगळं कळलं. गावाचा फोटो निघणार, तोही सरकारी, वरून; अशा वेळी दारात घाण ठेवतं का कोणी? आदल्या दिवशी बायकापुरुष, म्हातारीकोतारी सगळी खाडीत उतरली आणि झाडून सगळी जलपर्णी त्यांनी पलीकडे लावून दिली. फोटो होईपर्यंत बांबू घेऊन राखण केली. रात्री पलीकडच्यांनी ती परत आणून सोडली, पण फोटो तर स्वच्छ निघाला होता. शिवाय साडेदहाला सगळ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून, दागिने घालून बंदरावर रांगेने उभ्या राहिल्या होत्या, वर बघत. चांगुणाबाईंना त्या फोटोची एक प्रत हवी होती.

मी सांगितलं की त्यात माणसं दिसत नाहीत. अख्खं बंदर म्हणजे दीडदोन ठिपके.

“मंग येवरा सोना घालून मान दुखवली ती कशाला?” त्या म्हणाल्या. “आदी बोलाचा ना.”

मग मी त्यांना समजावलं की घाण दिसली असती तर यंत्र इथे आलं असतं. हरेश रुतलेल्या होडीच्या काठावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, “आये, वसईवाल्याला आता निरोप धाडू का?” त्यांनी त्याच्याकडे न बघता मला पुढची तारीख विचारली. मला खरं तर तेव्हा शहाणपण यायला हवं होतं. मी सांगितली. ह्या वेळी साफ करू नका, एवढंच वर जोडलं.

त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की जितकी जास्त तितकं बरं. आणि पलीकडे बाळारामच्या कानावर गेलं की ज्याच्या दारात जलपर्णी जास्त, त्याला सरकारी यंत्र. आयुष्यभर जी पीडा एकमेकांच्या दारात ढकलली, तिच्यावर आता दोन्ही गावांनी हक्क सांगितला. ती आमची आहे. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. बाळारामचं म्हणणं, मागच्या खेपेला सरकारी फोटोतच ती आमच्या काठाला होती, कागद काढून बघा. ते अगदी खरं होतं. फक्त कागदावर तिला मी शेती म्हटलं होतं.

ठरलेल्या सकाळी मी लवकरच पोचलो. ह्या वेळी जागा चुकायला नको म्हणून एक लांब बांबू आणि लाल कापडाचं निशाण नेलं होतं. ते मी हरेशकडून जलपर्णीच्या मधोमध रोवून घेतलं. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूत निशाण रोवून जागा पक्की होते, असं मानणारा मी पदवीधर होतो. हरेशची होडी त्याच दिवशी कामाला हवी होती, म्हणून पोरांनी पहाटेपासून कोयते चालवून तिला आणि गावच्या इतर होड्यांना मोकळं केलं; एरवी अशी वाट पुढच्या भरतीला परत बुजायची. मी तिच्यात बसलो.

पलीकडून बाळारामच्या चार होड्या आल्या. दोरांना गळ बांधून त्यांनी सतरंजीच्या कडा धरल्या आणि ओढायला लागले. इकडून आमच्या पाच होड्यांनी धरल्या. काठावरून बायका दोन्ही गावांच्या मागच्या पिढ्यांची आठवण काढत होत्या. हळूहळू ती अख्खी हिरवी सतरंजी बंदराची माती सोडून खाडीच्या मध्यावर आली आणि ताणून थांबली. ना इकडे, ना तिकडे. ओहोटी जोरात लागलेली. मी घड्याळ बघत ओरडत होतो की कोणी हलू नका, साडेदहापर्यंत अशीच धरून ठेवा. निदान मध्यभागी का होईना, दिसेल तरी. बाळारामने एकदा मला विचारलं की मध्ये दिसली तर यंत्र कोणाला. मी म्हणालो, बघू.

साडेदहा झाले. मी वर बघितलं आणि म्हणालो, “आला.”

दिवसा उपग्रह दिसत नाही. रात्रीसुद्धा तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. हे मला माहीत होतं, पण त्यांना नव्हतं, आणि मी वर बघत होतो. नऊ होड्यांतल्या सगळ्यांनी, काठावरच्या बायकांनी, बाळारामने, कपाळावर हात धरून वर बघितलं. कपाळावर धरायला हात मोकळा लागतो. दोर सुटले.

ओहोटीने ती जलपर्णी उचलली. आधी संथ, मग एकदम चाल धरून, दोन बगळे आणि माझं लाल निशाण घेऊन ती डोंबिवलीच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. पुढे खारं पाणी. खाऱ्या पाण्यात ती मरते. काठाला ढकललेली तीच जलपर्णी भरतीबरोबर घरी परत यायची. मध्यावर, भर ओहोटीत तिला सोडून द्यायचं आजवर कोणाला सुचलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कोणाला सुचलं नव्हतं. सगळे जण थोडा वेळ रिकाम्या खाडीकडे बघत राहिले. दोन्ही गावं भांडायला काहीतरी शोधत होती, पण मुद्दाच वाहून गेला होता. हरेशने मला बंदरावर उतरवलं, होडी फिरवली आणि घरून जाळं मागवलं. संध्याकाळी वसईवाल्याला निरोप गेला, होरी विकायची नाय.

माझ्या बाजूला मात्र अंधार होता. टेप आली. खाडी स्वच्छ, नदीत इथेतिथे चार ठिपके. मी ह्या वेळी नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि जिल्ह्यात जलपर्णी जवळपास नाही असा नकाशा घेऊन, नोकरी गेली असं धरून, टिपणीसांकडे गेलो. त्यांनी तो उघडला, मग कपाटातून जुना काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी लावले. एक काठोकाठ हिरवा, दुसरा कोरा. मग त्यांनी पहिल्यावर लिहिलं ‘यंत्रापूर्वी’ आणि दुसऱ्यावर लिहिलं ‘यंत्रानंतर’. गच्ची आणि खाडीतली शेती तेवढी कात्रीने कापली.

ते दोन नकाशे पुढे बरीच वर्षं कुठे कुठे टांगलेले मी बघितले. सबनीस साहेबांना आणखी तीन जिल्ह्यांची कामं मिळाली. माझा पगार वाढला. पुतणीला हे सांगितलं तर तिने काकांना दुखवायचं नाही अशा आवाजात विचारलं, म्हणजे तुम्ही शिकवलेलं एकही उत्तर बरोबर नव्हतं? मी म्हटलं, दुसऱ्या खेपेचं होतं की. पण त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. हे हसण्यावारी नेतो खरा, पण तो कोरा नकाशा खराच कोरा आहे असं मानून पुढे दोन वर्षं खाडीकडे कोणी फिरकलं नाही, हे मला टोचतं.

कारण पुढच्या पावसाळ्यानंतर नदीने नवी जलपर्णी आणून सोडलीच. मी दिवाळीच्या सुमाराला त्या बाजूला गेलेलो, काही काम नसताना, त्या दुसऱ्या नकाशाची एक प्रत घेऊन. मागच्या खेपेला मागितली होती म्हणून. बंदर पुन्हा हिरवं होतं. हरेश होडी काठापासून दूर, जरा मोकळ्या पाण्यात बांधायला लागला होता. चांगुणाबाई जाळ्याशी बसल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, बंदर कुठलं ते विचारलं. मी दीडदोन ठिपके दाखवले. त्यांनी तो घडी करून जाळ्याखाली ठेवला.

मी जरा ऐटीत म्हणालो की ह्या वर्षीही वर अर्ज करून बघतो, नवा उपग्रह आला आहे, आता ठिपका बराच लहान झाला आहे.

त्यांनी जाळ्यावरून मान वर केली.

“त्यो तुजा फोटू नको,” त्या म्हणाल्या. “तू निस्ती तारीक सांगून जा. पलीकरच्यांना बी.”